दाढेखालचा दोरा

४ मार्च, मंगळवार

बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र बाजूला ठेवलं असशील तर ठेव, पण आत एक्स-रे आहे, तेवढा उजेडात धरून बघ. डॉक्टर म्हणून बघ. बहीण म्हणून काही मागायला मला तोंड नाही, हे मला कळतं. पत्ता आत्याने दिला. तिनेही आधी 'बघते' म्हणत आठ दिवस घोळवलं.

फोन का नाही केला, तर अकरा वर्षांनी माझा आवाज ऐकून तू तो ठेवशील, आणि मग दुसऱ्यांदा करायचा मला धीर होणार नाही. पत्र निदान टेबलावर पडून तरी राहतं.

विषय एवढाच. डावीकडची खालची दाढ, मागून दुसरी. दोन आठवड्यांपूर्वी तिची रूट कॅनल झाली. नस काढली, आत कच्चं सिमेंट भरलंय, ते आणखी आठ-दहा दिवस टिकेल म्हणतात. आता तिच्यावर कॅप बसवायची की नाही, यावर दोन डॉक्टरांची दोन तोंडं.

पहिले चष्मेवाले. आपल्या दुकानासमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर, आणि शोधत असतात तिसराच. त्यांनी दाढेवर बारीक दिवा धरला, माझ्या हातात आरसा दिला आणि एक रेघ दाखवली. केसाएवढी. म्हणाले, दाढ आतून निम्मी पोकळ झालीय, भिंती पातळ उरल्यात, त्यात ही चीर. कॅप घातली नाही तर एक दिवस दाढ उभी फुटेल, आणि फूट मुळापर्यंत गेली की काढून टाकण्यावाचून इलाज नाही.

मी घाबरून दुसरीकडे गेले. ही नवी डॉक्टर. तू शिकून आलीस तेव्हा जेवढी होतीस तेवढीच असेल. खुर्ची मागे करायच्या आधी सांगते, आता खुर्ची मागे जाईल हं. तिचं म्हणणं, चीर वरवरची वाटते. कॅपसाठी दाढ चारही बाजूंनी घासावी लागते, आणि घासलेली परत येत नाही. दाढेवर काही वेगळा ताण पडत नसेल, तर पक्कं सिमेंट भरू आणि सहा महिने वाट बघू. सवयी दोघांनीही विचारल्या. नखं खाता का, झोपेत दात खाता का, वगैरे. तसलं काही नाही, म्हटलं.

माझं मन नव्या डॉक्टरकडे ओढ घेतं, कारण ती मला हवं ते सांगते. म्हणूनच मला तिची जास्त भीती वाटते. खरं तर सगळ्याचीच वाटते. मी, जी गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या दोन शब्द सुनावल्याशिवाय माप घेत नाही, ती त्या खुर्चीत बसले की हातपाय गळतात. चष्मेवाले आत खटपट करत होते तेव्हा मी त्यांच्या कोटाची बटणं मोजत होते. पाच आहेत. तिसरं सैल झालंय.

तू एका ओळीत काय ते लिही. कॅप, किंवा नको. खाली सही केली नाहीस तरी चालेल.

ताई

फोन नंबर बदललाय, मागे लिहिलाय. लागलाच तर.

१० मार्च, सोमवार

बारके,

उत्तर नाही. पोस्टाला शिव्या घालून झाल्या, त्याचा काय दोष. तू पत्र उघडलं नसशील. उघडलं असलंस तर एक्स-रे बघून तुला कळलं असेल काय ते, आणि तरी लिहीत नाहीस, याचा अर्थ लावण्यात माझे चार दिवस गेले. नव्या डॉक्टरने मंगळवारची वेळ दिलीय. पक्कं सिमेंट भरायला. म्हणजे उद्या.

हल्ली मी उजव्या बाजूने जेवते. सगळं मऊ. आरशासमोर उभी राहून गालात बोट घालून ती रेघ शोधते. कधी दिसते, कधी नाही. दिसली की धस्स होतं, आणि नाही दिसली की वाटतं आत गेली असेल. शेजारची इस्त्रीवाली म्हणाली, दाढेचं एवढं काय घेऊन बसलात, काढून टाका, एक गेली तर एकतीस राहतात. तिला काय सांगणार.

परवा शनिवारी काय झालं ते लिहिते. हॉटेलातल्या वेटरांच्या अठरा कोटांचं काम आहे. बटणं लावत बसले होते. बाही मांडीवर, बटण डाव्या हाताच्या अंगठ्याखाली, सुई उजव्या हातात. दोरा गुंडाळून गाठ मारली, आणि दोरा सरळ गेला दाढेखाली. डाव्या. एक हिसका. तुटला. आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. समोर खिळ्याला कात्री लटकत होती, हातभर अंतरावर. मी तोंड मिटून बसून राहिले. जीभ फिरवायचीसुद्धा भीती वाटत होती, की काही सुटं लागेल.

तेव्हा आता खरं सांगते. सवय नाही, हे मी दोघांनाही खोटं सांगितलं. दिवसाला शंभर वेळा दोरा दाढेने तोडते मी. तोही बटणाचा, दुपदरी, मेण लावलेला. तुला माहीत आहे, त्यांना माहीत नाही. आपल्या घरात बटणाच्या दोऱ्याला कात्री लागलीच नाही कधी. चावलेलं टोक ओलं होतं, सुईत एका दमात जातं, असं आबांनी मी बारा वर्षांची असताना शिकवलं. तुला शिकवायला गेले तर तू वही घेऊन पळालीस. आणि मग डॉक्टर होऊन आलीस ती पहिल्याच दिवशी आबांना सांगत की दाढ म्हणजे कात्री नव्हे. आबा म्हणाले, बरोबर आहे, कात्रीला धार लावून आणावी लागते. सांगून सांगून तुझ्या दाताच्या कण्या झाल्या, आम्ही बापलेक हसत राहिलो.

म्हणजे नव्या डॉक्टरने जो सल्ला दिला तो मला नव्हेच. तो दोरा न तोडणाऱ्या कुणा बाईला दिला. कळतंय मला. मग सांगितलं का नाही, असं तू विचारशील. अगं, ती विचारत होती तेव्हा तोंड उघडंच होतं. नाही म्हणायला नुसती मान हलवावी लागली. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की घरात आणखी कुणाची दाढ अशी फुटली होती का.

उद्या मी जाणार नाहीये. आणि चष्मेवाल्यांकडेही जायचा धीर नाही. ना इकडे ना तिकडे.

तू लिही गं काहीतरी. शिवी लिही.

ताई

१५ मार्च, शनिवार

बारके,

आजपासून दुखायला लागलंय. चावलं की नाही, चावून सोडलं की. टच्च करून कळ येते आणि जाते. नस काढलेली दाढ दुखते कशी? मी तासातासाला हनुवटीखाली हात लावून बघते. इथे सूज नाही. निदान मला लागत नाही. पाण्याचा घोट घेते आणि तो नीट उतरतो का याकडे लक्ष देते. इतकं लक्ष दिलं की चांगला गळाही अडतो.

आबांचंही असंच सुरू झालं होतं. हनुवटीखाली.

मी घाबरलेय बारके. मरायला घाबरलेय, हे सरळच लिहिते. आणि घाबरलेलं माणूस खरं बोलतं म्हणतात, ते मी आज करून बघणार आहे. अकरा वर्षं मी मूग गिळून बसले. नुसती बसले नाही, चोर ते चोर आणि वर शिरजोर अशी बसले.

तू आबांची रूट कॅनल चांगली केली होतीस. शुक्रवारी कॅपचं माप घ्यायला बोलावलं होतंस. शाळेच्या कोटांची ऑर्डर होती, सोमवारी द्यायची, साठ कोट राहिले होते. आबा अर्धा दिवस गेले असते तर माझ्याच्याने ते उरकलं नसतं. मी गुरुवारी तुझ्या दवाखान्यात फोन केला. तू आत होतीस, तुझ्या मदतनीस बाईंनी घेतला. मी सांगितलं, आबांना कॅप नको आहे, ते येणार नाहीत. आबांना असं काही म्हणायचं नव्हतं. आबांना मी सांगितलं की तूच कामात आहेस, पुढच्या आठवड्यात बघू म्हणालीस. ते म्हणाले, असू दे, पोरीचा जम बसतोय. खूश होऊन म्हणाले.

संध्याकाळी तू फोन केलास. तो मीच घेतला. तू विचारलंस, नको तर नको, पण दोरा तोडणं बंद केलंय ना? त्यांना साखर आहे ताई, दाढ फुटली तर निभणार नाही. शब्द न् शब्द आठवतो मला. मी म्हटलं, केव्हाच बंद केलंय, गळ्यातच कात्री बांधून दिलीय. आणि मी हे बोलत होते तेव्हा पलीकडे आबा मशीनवर बसून दोरा तोडत होते.

रविवारी दुपारी फुटली. मी ऐकलं. शेंगेचं टरफल मोडावं तेवढाच आवाज. त्यांनी गालाला हात लावला आणि म्हणाले, काही नाही गं, सिमेंट निघालं वाटतं. मी घरातल्या जुन्या गोळ्या दिल्या. सोमवारी कोट दिले. मंगळवारी हनुवटीखाली सुजलं, तेव्हाही मी शेक घ्या म्हटलं. बुधवारी पाण्याचा घोट गिळवेना, तेव्हा दवाखान्यात नेलं. पुढचं तुला माहीत आहे, किंवा मी सांगितलं तेवढं माहीत आहे.

तू आलीस तेव्हा दारात चार माणसं होती. त्यांच्या देखत मी म्हटलं की हे तुझ्या हातचं काम. आणखीही बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणीतरी दोषी पाहिजे होतं, आणि आपण स्वतः सोडून कुणीही चालणार होतं. तू उंबऱ्यावरूनच परत गेलीस. पुढे दवाखाना बंद करून गाव सोडलंस, तेव्हा लोक म्हणाले, बघा, मनाला लागलंच असणार. मी 'हो ना' म्हटलं.

हे वाचून माझं तोंड पाहू नकोस असं वाटलं तर बरोबरच आहे. दाढेचं उत्तर आता मागत नाही. सोमवारी चष्मेवाल्यांकडे जाते आणि त्यांना दोऱ्याचं सांगते. आत्याला आज फोन करून हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

ताई

२० मार्च, गुरुवार

बारके,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर चालवून घे. ओठ अर्धा जागेवर आलाय. चहा प्यायले तो हनुवटीवरून उतरला, मला पत्ताच नाही.

क्रमाने सांगते. सोमवारी गेले. चष्मेवाल्यांना खुर्चीत बसायच्या आधीच, उभ्यानेच सांगितलं की मी खोटं बोलले होते, मी बटणाचा दोरा दाढेने तोडते, चाळीस वर्षं. ते चिडतील असं वाटलं. त्यांनी दोन्ही चष्मे काढले आणि विचारलं, दोरा कसला? मी पर्समधलं रीळ दिलं. त्यांनी दोरा बोटांनी ओढून बघितला, जोर लावून बघितला, तुटला नाही. म्हणाले, बाई, आता कॅप हवी की नको हा प्रश्न राहिला नाही, दाढ राहिलीय का हे आधी बघू.

कच्चं सिमेंट काढून त्यांनी निळं औषध आत सोडलं. चीर असेल तिथे ते मुरतं. पंधरा मिनिटं गेली असतील. मला वाटलं, यांनी तोंड उघडूच नये, असंच बघत राहावं. शेवटी म्हणाले, चीर एका भिंतीत खाली उतरलीय, पण तळाला पोचलेली नाही. आणखी महिना गेला असता तर सांगता आलं नसतं. दाढेची उंची घासून कमी केली, म्हणजे वरची दाढ लागणार नाही, आणि आजची वेळ दिली. आणि मी निघताना म्हणाले, कॅप घातल्यावरही दोरा तोडाल तर माझ्याकडे येऊ नका. मी खिळ्यावरची कात्री काढून दोरीने कमरेला बांधलीय. नव्या डॉक्टरलाही जाऊन सांगून आले. तिने माझा कागद काढून त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि आभार मानले. मला लाज वाटली.

आज तीन इंजेक्शनं दिली. दाढ चारही बाजूंनी घासली, माप घेतलं, वर तात्पुरती टोपी बसवली. कॅप पुढच्या गुरुवारी. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, अर्धा चेहरा मेलेला, जीभ लाकडाची, आणि फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. मी कानाला लावला आणि तू 'ताई' म्हणालीस.

माझ्या तोंडून जे निघालं त्याला शब्द म्हणत नाहीत. तू विचारलंस, बधिर केलंय का? मी काहीतरी हुंकारले. तू म्हणालीस, मग बरं झालं, आता मी बोलते, तू ऐक.

ऐकलं सगळं. एक्स-रे आला त्याच दिवशी तू बघितला होतास, उत्तरही लिहिलं होतंस आणि टाकायला धीर झाला नाही, हे ऐकलं. कॅपच हवी होती, हेही. आबांच्या दाढेची प्रत्येक पायरी तू अकरा वर्षं मनात पुन्हा पुन्हा करून बघतेस, कुठे चुकलं ते सापडत नाही म्हणून रूट कॅनल करणंच सोडलंस, आता नुसत्या शाळांमधून मुलांचे दात तपासतेस, हे ऐकलं. चष्मेवाल्यांची मदतनीस येऊन विचारून गेली, दुखतंय का. मी मान हलवली.

आणि शेवटी तू एकच विचारलंस. "आबांनी माझी आठवण काढली होती का? की तू दारात म्हणालीस तेच खरं?"

मला बोलता येत नव्हतं. तू म्हणालीस, असू दे, सावकाश सांग, आणि फोन ठेवलास. खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. घरी येईपर्यंत मी ठरवत होते की काय लिहायचं. गोड लिहिता आलं असतं. ते बेशुद्धच होते, असं लिहिता आलं असतं, तू कुणाला विचारणार होतीस? तू आजच ताई म्हणालीस, आजच, आणि मी काय लिहिणार आहे ते वाचून पुन्हा कधी म्हणशील की नाही कुणास ठाऊक. दाढेची एवढी भीती वाटली नव्हती.

मी दारात म्हटलं होतं, शेवटपर्यंत त्यांनी तुझं नावही घेतलं नाही. नाव घ्यायला त्यांना घसाच नव्हता. नळी घातली होती. पण शुद्ध होती. बुधवारी संध्याकाळी त्यांनी बोटांनी लिहायची खूण केली. माझ्याकडे मापाचं पुस्तक होतं, ते दिलं. त्यांनी लिहिलं, डॉक्टरीण कुठे? तुला ते तसंच म्हणायचे ना, तू फ्रॉकात होतीस तेव्हापासून. मी सांगितलं, कळवलंय, निघालीय. गुरुवारी सकाळी पुन्हा पुस्तक मागितलं आणि तेच लिहिलं. मी म्हटलं, वाटेत आहे, पोचेलच. त्यांनी मान हलवली. त्यानंतर दिवसभर दार वाजलं की ते डोळे उघडून बघत होते.

मी तुला फोन केलाच नव्हता. तू आली असतीस तर पहिल्या पाच मिनिटांत दाढ बघून विचारलं असतंस, कॅप का नको म्हणालात, दोरा कुणी तोडू दिला, आणि त्यांनी तिथेच पुस्तकात लिहून दिलं असतं की मला तर तूच पुढची वेळ दिली होतीस. त्याला मी घाबरले. फोन केला तो शुक्रवारी, सगळं संपल्यावर.

त्यांनी तुझी वाट पाहिली बारके. दोन दिवस. तू येणार याची त्यांना खात्री होती.

ताई